साडेनऊची गोळी साडेनऊलाच द्या

प्रति,
बडोद्यातल्या लहानमोठ्या सर्व इस्पितळांचे व्यवस्थापक, मेट्रन, वॉर्डातल्या सिस्टर आणि ब्रदर, तसंच औषधांचा चार्ट लिहिणारे तरुण डॉक्टर यांस,

स. न. वि. वि.

माझ्या केसपेपरवर एक ओळ आहे : 'पेशंट को-ऑपरेट करत नाही.' वेळही घातली आहे, दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं. खाली सही आहे. ती कोणाची हे मी लिहिणार नाही, इस्पितळाचं नावही लिहिणार नाही. मला भांडण उकरायचं नाही, आणि त्या वॉर्डात जे झालं ते गावातल्या दुसऱ्या कुठल्याही वॉर्डात झालं असतं असं आता वाटतं. पण त्या ओळीला उत्तर द्यायचं राहून गेलंय. तेव्हा देता आलं नाही. तोंडच उघडत नव्हतं.

मी ७१ वर्षांचा, सगळा जन्म दांडिया बाजारात गेला. नोकरी ड्राफ्ट्समनची. ट्रेसिंग क्लॉथवर शाईने रेघा मारण्यापासून सुरुवात केली आणि कॉम्प्युटर आल्यावर सन्मानाने बाजूला झालो. नऊ वर्षांपासून पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, आहे. पहिली चुगली माझ्या अक्षराने केली. ओळीच्या सुरुवातीला मुंगीएवढं असलेलं अक्षर शेवटाला मुंगीच्या अंड्याएवढं व्हायला लागलं. ही म्हणाली, "कागद वाचवताय का?" हात थरथरायला लागला तो त्यानंतर दीड वर्षाने.

कंपवात म्हटलं की लोकांना थरथर तेवढी ठाऊक असते. थरथरीचं फारसं काही नाही हो. चहा सांडतो, पुसला की झालं. जीव खाते ती ताठरलेली, अडकलेली अवस्था. ऊठ म्हणून मनात म्हणतो आणि अंग ऐकल्यासारखं करत नाही. कूस बदलायची तर पाठीखालची चादर जणू सिमेंटात थापलेली. चेहरा दगडी होतो, पापण्या कमी लवतात, आवाज घशातच बसतो. समोरच्याला वाटतं, हा रागावलाय, नाहीतर याला काही कळत नाही. कळत सगळं असतं. 'काकांना ऐकू येत नाही वाटतं' हेही स्वच्छ ऐकू येतं.

आता त्या ओळीची हकीकत सांगतो. गेल्या पावसाळ्यात न्हाणीघराच्या उंबऱ्याशी वळताना पाय जागीच राहिले आणि धड पुढे गेलं. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. संध्याकाळी भरती झालो. माझ्या गोळ्या दिवसाला पाच : सकाळी ६, साडेनऊ, दुपारी १, साडेचार आणि रात्री ८. न्यूरॉलॉजिस्टच्या कागदावर या वेळा ठळक लिहिलेल्या होत्या. मुलीने तो कागद दिला, गोळ्यांची डबीही दिली. कागद फायलीत गेला आणि डबी कपाटात गेली, कारण घरची औषधं वॉर्डात चालत नाहीत. "काका, दवा तो राउन्डमां ज मळशे," असं मला प्रेमाने सांगण्यात आलं. राउंड सकाळी ८, दुपारी २, रात्री ८. पाच वेळा देण्याची सोय त्या चार्टात नव्हतीच, म्हणून पाचाचे तीन झाले.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. रात्री बारापासून तोंडातून काही नाही, पलंगाला तशी पाटी. सकाळी आठचा नंबर होता. मधे दोन अपघाताच्या केसेस आल्या, मला दीड वाजता आत नेलं. तीन गोळ्या चुकल्या. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी कमरेत सुई टोचायला "पाठ वाकवा" म्हटलं, तेव्हा मी लाकडासारखा पडून. चौघांनी मिळून वाकवला.

रात्री आठला गोळी मिळाली, पण ती माझी नव्हती. माझी १२५ ची असते, तिच्यात १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा, म्हणजे मुख्य औषध, आणि २५ मिलिग्रॅम कार्बिडोपा. त्यांच्या दुकानात होती ११० ची, म्हणजे १०० आणि १०. देणाऱ्याच्या दृष्टीने औषध तेच. फरक मात्र कार्बिडोपात आहे, आणि तो बारीक नाही. कार्बिडोपाचं काम असं की लेव्होडोपाला वाटेतच, म्हणजे मेंदूच्या बाहेर, खर्च होऊ द्यायचं नाही. ती कमी पडली की मेंदूला थोडं पोचतं आणि बाकीचं मळमळ म्हणून वर येतं. दिवसाला साधारण ७० मिलिग्रॅम तरी कार्बिडोपा लागते असं म्हणतात. ११० च्या तीन गोळ्यांतून मिळते ३०. रात्री मला उलट्या झाल्या. भुलीमुळेही झाल्या असतील, मी काही डॉक्टर नाही. पण उलटीवर जे इंजेक्शन दिलं ते मेटोक्लोप्रमाइडचं होतं, आणि त्याबद्दल मी ठामपणे बोलू शकतो.

डोपामाइन म्हणजे हालचालीचे निरोप पोचवणारं मेंदूतलं रसायन; आमच्या मेंदूत ते बनवणाऱ्या पेशी मरत जातात, आणि गोळीतल्या लेव्होडोपापासून मेंदू तेच बनवतो. पहिली लक्षणं अंगावर दिसू लागतात तोवर त्यातल्या निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात. उरलेल्यांच्या आणि गोळीच्या जिवावर आमचं चालतं. मेटोक्लोप्रमाइड त्या डोपामाइनचीच वाट अडवतं. एका हाताने गोळी द्यायची आणि दुसऱ्या हाताने दार लावायचं, असा तो प्रकार. उलटीवरच्याच प्रोक्लोरपेराझिनचं तेच, डोकं शांत करायला देतात त्या हॅलोपेरिडॉलचं तर विचारूच नका. चक्कर येते म्हणून सर्रास देतात त्या सिनारिझिन आणि फ्लुनारिझिनही याच पंगतीतल्या. आणि एक आपल्याकडचं खास : ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये गुपचूप बसलेलं लेव्होसल्पिराइड. पँटोप्राझोलच्या जोडीला ते असतं आणि घेणाऱ्याला पत्ताही नसतो. पार्किन्सन्स नसलेला धडधाकट माणूससुद्धा त्याने महिनोन् महिने ताठरून बसू शकतो. उलटीवर ऑन्डान्सेट्रॉन आहे, डॉमपेरिडोन आहे. डॉमपेरिडोन मेंदूत फारसं शिरत नाही, फक्त हृदयाचं बघून द्यावं लागतं. पर्याय तुमच्याच ट्रॉलीत असतात. चुकून दुसऱ्या कप्प्यात हात जातो, एवढंच.

तर तिसरा दिवस. आठ वाजता गोळी आली, सोबत मोठा कप भरून दूध. ऊन ऊन, साखर घातलेलं, आयाबेनने मायेने पाजलं. गोळी चढली नाही. 'चढली' आणि 'उतरली' हे आमच्या घरातले शब्द. डॉक्टर ऑन आणि ऑफ म्हणतात. साडेनऊ गेले. अकरा गेले. बारा वाजून गेल्यावर फिजिओथेरपीवाला मुलगा वॉकर घेऊन आला. चांगला, हसरा मुलगा. "चला काका, उभे राहूया." मी आतून आटापिटा करत होतो. बाहेरून मी छताकडे टक लावून पडलेला एक हट्टी म्हातारा दिसत असणार. त्याने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा आवाज चढवला, आणि मग ती ओळ लिहिली गेली.

१८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टरने हा आजार पहिल्यांदा नीट वर्णन केला तो सहा माणसांवरून, आणि त्यातली काही तर त्याला रस्त्यात दिसलेली होती. चालताना बघून त्याने ओळखलं. तुमच्याजवळ तर माझी जाडजूड फाइल होती आणि पहिल्याच पानावर आजाराचं नाव होतं. हे टोचून बोलणं झालं, कळतंय मला. पण ड्रॉइंगमधली एक चुकीची मापरेघ पुढे सगळ्या कारखान्यात फिरते, तसं त्या ओळीचं झालं. दुपारच्या ड्यूटीवाल्यांनी ती वाचली आणि ते माझ्याशी तशाच आवाजात बोलू लागले.

सुटका केली रात्रपाळीच्या केरळच्या एका सिस्टरने. ती नुसती उभी राहून दोन मिनिटं माझ्याकडे बघत होती. मग मुलीला म्हणाली, "अंकल का टाइम बोलो. घर का टाइम." मुलीने वहीचं पान दाखवलं. सिस्टरने कपाटातून आमची डबी काढली, सही घेतली आणि स्वतःच्या मोबाइलमध्ये पाच गजर लावले. सकाळी तिची ड्यूटी संपली तेव्हा ते गजर दुसऱ्या सिस्टरच्या मोबाइलमध्ये लावून मगच ती गेली. सकाळी सहाला गोळी, साडेनऊला गोळी. सव्वादहाला मी वॉकर धरून उभा होतो आणि चार पावलं टाकली. तोच हसरा मुलगा म्हणाला, "काका, आज तर मस्त!" मी म्हटलं, आज तर गोळी मिळाली. केसपेपरवरची ओळ मात्र कोणी खोडली नाही.

तुमची अडचण मला दिसत नाही असं समजू नका. पडल्या पडल्या मी मोजलं, तेवीस खाटा आणि रात्रीला दोन सिस्टर. त्यात एक सलाईन फुगतं, एक पेशंट पलंगावरून उतरायला बघतो, कोणाचे तरी बारा नातेवाईक दाराशी भांडत असतात. राउंड ही त्यातून काढलेली सोय आहे आणि तीही नीट होणं ही मोठी गोष्ट आहे. बहुतेक औषधांना तासाभराचा फरक चालतो. रक्तदाबाची गोळी आठऐवजी नऊला घेतली म्हणून काही बिघडत नाही. लेव्होडोपाचं तसं नाही, आणि का नाही ते एकदा कळलं की तुम्ही कधी विसरणार नाही.

ही गोळी चढायला अर्धा ते पाऊण तास लागतो, आणि एकदा रक्तात आली की दीडेक तासात तिचं प्रमाण निम्म्यावर येतं. आजाराच्या सुरुवातीच्या वर्षांत हे जाणवत नाही. उरलेल्या पेशी थोडं साठवून ठेवतात आणि पुरवून पुरवून वापरतात. पगार उशिरा झाला तरी घरात डाळ-तांदूळ असतो, तसं. नऊ वर्षांनी कणगी रिकामी असते. गोळी आली की चूल पेटते, गोळी संपली की विझते. म्हणून ज्याला परवाच निदान झालंय त्याला राउंडची गोळी चालून जाते, आणि तोच अनुभव धरून तुम्ही मला तोलता. माझ्या साडेतीन तासांच्या हिशेबात तुमचे सहा तास बसवले की मधले अडीच तास मी खाटेवरचं सामान असतो.

इन्सुलिनचं उदाहरण घ्या. जेवणाआधी टोचायचं हे कोणत्याही सिस्टरला सांगावं लागत नाही. ताट आलं आणि इन्सुलिन राहिलं असेल तर तुम्ही स्वतः ओरडता. तेवढाच दरारा या पिवळ्या गोळीचा बसावा, इतकीच माझी मागणी आहे. इंग्लंडात रुग्णालयांसाठी जे गुणवत्तेचे निकष आहेत त्यात २०१८ साली हे घातलं गेलं : लेव्होडोपा रुग्णाच्या ठरलेल्या वेळेपासून अर्ध्या तासाच्या आत मिळाली पाहिजे. तिथल्या रुग्णांच्या संघटनेनं त्यासाठी बरीच वर्षं मोहीम चालवली होती. म्हणजे साहेबांच्या देशातही गोळी राउंडमध्येच अडकत होती, एवढं समाधान आपल्याला घेता येईल.

व्यवस्थापकसाहेब, घरच्या औषधांचा नियम तुमच्याकडे येतो. नियमामागचं कारण मला पटतं. कोण कुठली पुडी आणेल सांगता येत नाही. माझ्याच एका मावसभावाने पिशवीतून कौंचाचं चूर्ण आणलं होतं, 'नैसर्गिक आहे' म्हणून. कौंचा म्हणजे आपली खाजकुइली. तिच्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं, म्हणून तर भीती : चमच्यात किती आलं हे कोणालाच ठाऊक नाही, आणि गोळीवर ते चढवलं की अंग वेडंवाकडं वळवळू लागतं. पुडी जप्त करा, माझी हरकत नाही. पण न्यूरॉलॉजिस्टच्या चिठ्ठीतली, पाकिटावर नाव आणि ताकद छापलेली गोळी पेशंटच्या उशाशी राहू द्या. एका पाकिटात घाला, वर नाव लिहा, आम्ही घेतली की तुमच्या कागदावर वेळ लिहून सही करू. तुमच्या सिस्टरचं काम वाढत नाही, उलट कमी होतं. आणि तुमच्या दुकानात ठेवायचीच असेल तर ११०, १२५, २७५ आणि सीआर ही चार वेगवेगळी औषधं आहेत असं समजून ठेवा. सीआर म्हणजे हळूहळू विरघळणारी. ती कुटून नळीतून दिली की चार तासांचा माल एकदम पोटात. साधी गोळी मात्र पाण्यात विरघळवून नळीतून देता येते. गिळता येत नाही म्हणून सरळ बंदच, हा तोडगा नव्हे.

बंद करण्याबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण इथे गंमत संपते. लेव्होडोपा एकाएकी थांबली तर काही पेशंटना जोराचा ताप चढतो, अंग फळीसारखं होतं, भ्रम होतो आणि जीवही जाऊ शकतो. ऑपरेशननंतरचा ताप म्हटलं की सगळे जखमेकडे बघतात, छातीचा फोटो काढतात. त्याबरोबर गोळ्यांचा चार्टही बघा. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री शहरात शिरली तेव्हा आमच्याकडे चार दिवसांच्याच गोळ्या होत्या. लोक मगरींचे व्हिडिओ बघत होते आणि मी स्ट्रिपमधल्या उरलेल्या गोळ्या मोजत होतो. तेव्हापासून घरात पंधरा दिवसांचा साठा असतो, वरच्या फळीवर. पुरात जे जमवलं ते भर वॉर्डात, मेडिकल स्टोअर दोन मजले खाली असताना, जमलं नाही.

तरुण डॉक्टरांना विनंती ऑपरेशनच्या आदल्या रात्रीची. 'तोंडातून काही नाही' लिहिताना पुढे तीन शब्द जोडा : 'पार्किन्सन्सची गोळी सोडून'. दोन घोट पाण्याबरोबर ती सकाळी घेता येते, भूलतज्ज्ञांना विचारून घ्या, तेही बहुधा हेच सांगतील. जमलं तर आमचा नंबर पहिला लावा, म्हणजे बाकीचे डोस लांबत नाहीत. आणि टीडीएस (दिवसातून तीनदा), क्यूआयडी (चारदा) ही तुमची लघुलिपी आमच्यापुरती बाजूला ठेवा. घड्याळातली वेळ लिहा. सहा, साडेनऊ, एक. घड्याळ सगळ्या ड्यूट्यांना वाचता येतं.

रात्री आम्हाला कधी कधी नसलेलं दिसतं. मला कपाटावर मांजर दिसत होतं, राखाडी, अगदी शांत. मी घाबरलो नव्हतो, नुसतं मुलीला सांगितलं. ते ऐकून झोपेचं नाही, डोकं शांत करायचं इंजेक्शन आणायला कोणीतरी निघालं. मुलीने हॅलोपेरिडॉल हे नाव वाचलं आणि ट्रॉली अडवली. भांडखोर नातेवाईक म्हणून तिचीही कुठेतरी नोंद झाली असेल. मांजर सकाळी गेलं. नुसती लाइट चालू ठेवली आणि कोणीतरी बोलत बसलं तरी पुष्कळदा ते जातं. औषध द्यावंच लागलं तर डोपामाइनला धक्का न लावणारं निवडता येतं, ते न्यूरॉलॉजिस्टला फोन करून विचारा. फोनला एक मिनिट लागतं.

जेवणाचं. बडोदेकराला कोणी सेव-उसळ खाऊ नको म्हणणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. रविवारी सकाळी वाटी-वाटी रस्सा जास्तीचा मागून खाणारा मी, आणि वर्षभर मला कळत नव्हतं की रविवारीच गोळी का चढत नाही. वाटाण्यातलं प्रथिन आणि लेव्होडोपा आतड्यातून एकाच दाराने आत शिरतात आणि मेंदूच्या वेशीवरही पुन्हा तेच दार. प्रथिनांची गर्दी झाली की गोळी रांगेत मागे राहते. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास, नाहीतर जेवणानंतर तासाभराने, आणि पाण्याबरोबर. दूध, पनीर, घट्ट वरण, उसळ यांच्या सोबतीने नको. आता मी सेव-उसळ संध्याकाळी खातो, पुढे झोपायचंच असतं. लोहाची गोळीही हिच्याबरोबर देऊ नका, ती हिला धरून ठेवते. दोन तासांचं अंतर असावं. हाड मोडलं की रक्त वाढवायला लोह सुरू होतंच, म्हणून मुद्दाम सांगितलं. दूध पाजणाऱ्या त्या आयाबेनला मात्र कोणी बोलू नका. पूर्ण दिवसात तेवढं एकच काम मायेने झालं होतं.

राहिलं चालणं. पाय चिकटतात ते बहुतेक दारात, वळताना, अरुंद जागेत, आणि कोणी घाई केली की हमखास. वॉर्डातून संडासापर्यंत तुमच्याकडे अशा तीन जागा आहेत. तिथे हात धरून ओढू नका. धड पुढे येतं आणि पाय मागेच राहतात, म्हणजे दुसरा खुबा. थांबू द्या. मग मोजा, एक-दोन, एक-दोन, किंवा जमिनीवर आडवी रेघ असली तर 'ही ओलांडा' म्हणा. मला फरशीच्या सांध्यांवरून चालता येतं, गुळगुळीत लादीवरून येत नाही. चाळीस वर्षं रेघा मारल्या, आता रेघ दिसल्याशिवाय पाऊल उठत नाही. रंगीत चिकटपट्टीचे पाच-सहा तुकडे दाराशी लावले तर खर्च किती येईल?

ठेका मिळाला तर आणखी बरं. गेल्या नवरात्रात आमच्या पोळेतल्या, म्हणजे गल्लीतल्या, बायकांनी मला खुर्चीवरून उठवलं. ढोल सुरू होता, तीन टाळीचा गरबा. घरातून चौकापर्यंत यायला मला बारा मिनिटं लागली होती, मधे दोनदा चिकटलो होतो. आणि गोलात मी दोन फेऱ्या पुऱ्या केल्या, टाळी चुकली पण पाय नाही. बघणाऱ्या एकाने ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "घरी नाटक करत असतील." नाटक नाही. बाहेरून ताल आला की मेंदूला पावलं टाकायची दुसरी वाट सापडते, असं फिजिओथेरपिस्ट समजावतात. आपणहून पाऊल टाकायची जी वाट आहे ती आमची खचलेली. माझ्यापुरतं सांगायचं तर ढोल थांबला आणि मी तिथेच थांबलो, मग मला खुर्चीसकट उचलून आणलं. त्या हसऱ्या मुलाला सांगा, मोबाइलवर एखादा गरबा लाव आणि मग वॉकर आण. उभं करण्याआधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसवायचं तेवढं विसरू नकोस म्हणावं, उठल्या उठल्या आमचा रक्तदाब घसरतो.

२०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्यातल्या यादीत आमच्या आजाराचं नाव आहे. त्याचा आधार घेऊन मी हे सगळं मागू शकलो असतो, पण कायद्याने गोळी वेळेवर येत नाही, गजराने येते. पुण्याला पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, ते लोक पेशंटला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. शब्द चांगले आहेत. मला पेशंट म्हटलेलं चालतं, फक्त 'को-ऑपरेट करत नाही' म्हणू नका.

पत्र मराठीत लिहिलं कारण रागही मराठीतच येतो. आपल्या गावात मराठी वाचणारे सिस्टर-डॉक्टर पुष्कळ आहेत; बाकीच्यांसाठी मुलगी गुजराती करते आहे. लिहायला अकरा दिवस लागले, कारण रोज गोळी चढलेली असताना जेवढं हाताला येईल तेवढंच लिहिलं.

एक काम मी करू शकतो. जाड पुठ्ठ्यावर घड्याळाची तबकडी काढून त्यात पेशंटच्या पाच वेळा तांबड्या शाईने भरायच्या आणि खाली, द्यायची नाहीत ती औषधं मोठ्या अक्षरात. पलंगाच्या पायथ्याशी अडकवायला वर दोन भोकं. पहिली तबकडी त्या केरळच्या सिस्टरसाठी केली, तिने ती ड्यूटीरूममध्ये लावली आहे असं ऐकलं. ज्या वॉर्डाला हवी असेल त्यांना मी करून देईन, पैसे नकोत, पुठ्ठा माझा. मापं तेवढी कळवा. आणि घ्यायला येणार असाल तर सकाळी दहा ते बारा या वेळात या, त्यानंतर माझं अक्षर मलाच लागत नाही.

आपला,
खाट क्रमांक सतरा
दांडिया बाजार, बडोदे